मूल दहावीपर्यंत शाळेत टिकवायचं तर

नवी मुंबईत दिघ्याच्या एका वस्तीतली नववीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवायची. बाई म्हणायच्या, "हुशार आहे, पण लक्ष नाही." मी तिच्या घरी गेले तो मंगळवार होता. गल्लीत निळे ड्रम ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने नंबर टाकलेला. पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमारास यायचं. आई ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करायला सातलाच बाहेर पडायची, वडील रोजंदारीचं काम शोधायला नाक्यावर जायचे, भाऊ पाच वर्षांचा. ड्रम भरायला घरात उरायची ती एकटी. तिची दीड महिन्याची गैरहजेरी मी हजेरीपटावरून उतरवून घेतली, तर एकूण एक दिवस मंगळवार नाहीतर शुक्रवार निघाला.

तोडगा शेजारच्या मावशींनी काढला. त्या दिवसभर घरीच असायच्या. त्यांनी पाइप लावून दोन्ही घरचे ड्रम भरायचे आणि मुलीने संध्याकाळी त्यांच्या दुसरीतल्या नातवाचा अभ्यास घ्यायचा, असं ठरलं. ती मुलगी दहावी पास झाली.

मी कळव्याला राहते. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे काम करते, त्याला अकरा वर्षं झाली. नवीन मंडळी विचारतात, "ताई, वस्तीतल्या मुलांना शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?" हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं की गणित-इंग्रजी पक्कं करून घेतलं की झालं. बारा मुलांना वर्षभर शिकवलं. पुढच्या जूनमध्ये त्यातली चार शाळेत दिसली नाहीत, आणि त्यातल्या तिघांचं गणित चांगलं होतं! मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी एक दिवस बुडतो, मग आठवड्यातले दोन, मग सलग पंधरा, आणि या सगळ्या काळात "काल का आला नाहीस?" असं विचारणारं कोणी नसतं. ते विचारणारं माणूस आपण व्हायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

1. पाच मुलं घ्या

पन्नास मुलांची यादी करू नका. नोकरी करणाऱ्या एका माणसाला पाच मुलं, फार तर सात, नीट सांभाळता येतात. नीट म्हणजे त्यांचं घर, आईची कामाची वेळ, वडिलांचा फोन, गावाचं नाव, धाकटी भावंडं, पाण्याची वेळ हे सगळं आपल्याला तोंडपाठ. सातवी-आठवीतली मुलं निवडा. दहावीच्या डिसेंबरमध्ये हात धरलेलं मूल पुष्कळदा निसटतं, कारण तोवर गैरहजेरीची सवय अंगात मुरलेली असते.

सुरू करण्याआधी काम बघून या. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा चालते, महापालिकेच्या साथीने समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था ती चालवते. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं तिथून दहावी झाली आहेत. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्यापाशी नेली. समता विचार प्रसारक संस्था कठीण परिस्थितीतून दहावी पास होणाऱ्या ठाण्यातल्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते. मी आमच्या आठवीच्या मुलांना तो कार्यक्रम दाखवायला नेते. आपल्यासारख्याच खोलीत राहणाऱ्या मुलीला व्यासपीठावर बोलताना बघून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते माझ्या कुठल्याही भाषणाने उमटलेलं नाही.

एक वही घ्या, प्रत्येक मुलाला चार पानं. त्यात तारीख, गैरहजेरी आणि कारण लिहा. कारण आईच्या किंवा मुलाच्या शब्दांत लिहा. "घरची अडचण" असं लिहिलं की तोडगा सापडत नाही. "मंगळवारी पाणी" असं लिहिलं की सापडतो.

2. शाळेत परवानगी घेऊनच जा

महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाकडे आणि खासगी अनुदानित असेल तर संस्थेकडे लेखी अर्ज करा. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो आणि पोलीस पडताळणीचा दाखला ठेवा. पडताळणी मागितली म्हणून रागावू नका. मुलांच्या शाळेत येणाऱ्या अनोळखी माणसाची चौकशी व्हायलाच हवी.

मुख्याध्यापकांना पहिल्या भेटीत काय बोलायचं यावर बरंच अवलंबून असतं. "तुमच्या शाळेत गळती का होते?" असा प्रश्न घेऊन गेलात तर दार तिथेच बंद होतं. शिक्षकांवर निवडणुकीची कामं असतात, सर्वेक्षणं असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते. त्यात तुम्ही आणखी एक तपासनीस होऊ नका. मी एवढंच म्हणते, "सर, सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची नावं मला शनिवारी मिळतील का? मी घरी जाऊन येते आणि कारण तुम्हाला सांगते." जे काम वर्गशिक्षकांना वेळेअभावी जमत नाही ते तुम्ही करणार असता, म्हणून दोन महिन्यांत तेच फोन करायला लागतात.

शाळा व्यवस्थापन समितीची ओळख करून घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वस्तीतलं कोणी ना कोणी त्यात सापडतंच.

मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ज्या मुलाचं नाव गळतीच्या यादीत आहे, त्याचा चेहरा जगाला दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

3. खुणा ओळखायला शिका

सोमवारी न येणं. पोषण आहाराच्या वेळेपर्यंत थांबून निघून जाणं. सहामाहीला दोन पेपर न देणं. वही असून तीच ती पहिली चार पानं. पुढच्या बाकावरचं मूल हळूहळू मागे सरकणं. मुलीच्या हातावर मेंदी आणि तिच्याबद्दल मैत्रिणींची कुजबुज. मुलाच्या बोटांना ग्रीस किंवा रंग. खिशात अचानक पैसे.

यातली एक खूण दिसली तर वहीत लिहा, दोन दिसल्या तर त्याच आठवड्यात घर गाठा.

महिन्याची हद्द लक्षात असू द्या. प्राथमिक शिक्षणाच्या वयाचं मूल सलग महिन्याभराहून जास्त गैरहजर राहिलं की आपल्याकडे ते शाळाबाह्य धरलं जातं. पण तोवर थांबलात तर फार उशीर होतो. तिसऱ्या दिवशी मूल आपणहून परत येतं. तिसऱ्या आठवड्यात त्याला मित्रांसमोर यायची लाज वाटते, आणि त्या लाजेपुढे आपलं सांगणं थिटं पडतं.

4. घरी जाताना

वेळ आईच्या सोयीची. घरकाम करणाऱ्या बाया दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, कारखान्यात जाणाऱ्या रात्री आठनंतर. स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नका. पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका, अंगणवाडी सेविका किंवा वस्तीतली ओळखीची ताई सोबत घ्या. चहा दिला तर प्या.

पहिल्या भेटीत शाळेचं नावसुद्धा मी उशिरा काढते. गाव कोणतं, इथे कधी आलात, पाणी कसं येतं हे आधी. मग मुलाचं कौतुक, आणि ते खरं असायला हवं. "तुमचा मुलगा चित्रं फार सुंदर काढतो" हे मी वही बघून म्हणते. ज्या बापाला शाळेने फक्त तक्रार करायला बोलावलं, त्याच्या कानावर मुलाबद्दलचं पहिलं चांगलं वाक्य पडलं की खोलीतली हवा बदलते.

मग ऐका. वागळे इस्टेटमध्ये एका आईने मला सांगितलं होतं, "ताई, तो शाळेत गेला तर मला बरंच वाटतं. पण तिथं त्याला वाचता येत नाही म्हणून हसतात. घरी येऊन तो माझ्यावर हात उगारतो. मग मीच म्हणते, राहू दे." तिच्यासमोर मी शिक्षणाचं महत्त्व सांगायला बसले असते तर ती मान हलवत राहिली असती आणि काहीच बदललं नसतं. त्या मुलाला वाचायला शिकवणं एवढाच तिच्या प्रश्नाचा उपाय होता. शाळेनंतर रोज अर्धा तास, कोणाला न सांगता, असं चार महिने चाललं. मग तो शाळेत जायला लागला.

टाळायच्या गोष्टी: आईवडिलांना मुलासमोर बोलणं, कायद्याचा धाक घालणं, पैसे हातावर ठेवणं, आणि "मी सगळं बघते" असं वचन देणं. शेवटच्या चुकीने मी स्वतः एका घराचा विश्वास गमावला आहे. मी फी भरायचा शब्द दिला, मला जमलं नाही, आणि त्या घरात मला पुन्हा कोणी बसायला सांगितलं नाही.

5. कागदपत्रांची फाइल

चेनवाली प्लॅस्टिकची फाइल प्रत्येक घरी एक द्या. पावसाळ्यात पाणी घरात शिरतं आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेला दाखला लगद्यासारखा होतो. मोबाइलवरही सगळ्या कागदांचे फोटो ठेवा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- जन्म दाखला
- मुलाचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड
- शाळा सोडल्याचा दाखला (शाळा बदलली असेल तर) आणि जनरल रजिस्टर नंबर (शाळेच्या नोंदवहीतला मुलाचा क्रमांक)
- मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं
- रेशन कार्ड
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- मुलाच्या नावाचं बँक पासबुक, आधार जोडलेलं
- वडील किंवा आई वारली असेल तर मृत्यू दाखला

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, नाव आणि जन्मतारीख. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं. दहावीच्या फॉर्मवर शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जातं आणि तेच जन्मभर राहतं. दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्या. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेही विसरतं. नेमकी नववी-दहावीतच ती वेळ येते.

दुसरा, जातीचा दाखला. वस्तीतली बरीच घरं मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. त्यांना हा दाखला ठाण्यात मिळत नाही, मूळ जिल्ह्यातून काढावा लागतो. पुरावा अनुसूचित जातींसाठी 1950 च्या, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 च्या आणि इतर मागासवर्गीयांसाठी 1967 च्या आधीच्या वास्तव्याचा लागतो. म्हणून मे महिन्यात घर गावी निघालं की मी आईच्या हातात चिठ्ठी देते: आजोबांच्या शाळेचा उतारा, जुना सातबारा, जे असेल ते आणा.

तिसरा, तालुका. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे तालुका आणि ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. सगळ्याला नवी मुंबईच म्हणतात म्हणून खारघरची माणसं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्याला खेटे घालून परत आलेली मी पाहिली आहेत.

6. आठवी ते नववी: इथे मुलं सर्वांत जास्त निसटतात

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो पहिली ते आठवीपुरता आहे. आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो, सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. नववीत पाऊल टाकलं की दुपारचं जेवण बंद, पुस्तकं विकत, आणि कायद्याचा तो हक्कही मागे राहिला. घर त्याच उत्पन्नावर चालत असतं. चौदा वर्षांचं पोर कमवण्याजोगं दिसायला लागतं तेही याच वर्षी. सगळं एका जूनमध्ये येऊन आदळतं.

त्यातून काही शाळा आठवीलाच संपतात. मग दाखला काढा, नवी शाळा शोधा, प्रवेश घ्या. शिकलेल्या घराला हे आठ दिवसांचं काम. ज्या आईला अर्ज वाचता येत नाही आणि एक दिवस सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, तिच्यासाठी हा डोंगर आहे. हिंदी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाला जवळपास नववीचा वर्गच नसतो असंही होतं. मग रोजचा बसचा प्रवास, आणि मुलगी असेल तर घरचे म्हणतात, "एवढ्या लांब नको."

माझं वेळापत्रक असं असतं:

जानेवारी-फेब्रुवारी: आठवीतल्या प्रत्येक मुलासाठी नववीची शाळा ठरवा. आईला आणि मुलाला घेऊन शाळा प्रत्यक्ष बघून या. महापालिकेच्या माध्यमिक शाळा आधी बघा, मग अनुदानित. रस्ता चालत जाऊन बघा. कळव्यात आणि दिघ्यात रूळ ओलांडायची सवय असते. पुलावरून जायला किती वेळ लागतो तो मोजा आणि मुलांना तोच रस्ता लावा.

मार्च-एप्रिल: आठवीच्या वार्षिक परीक्षेकडे लक्ष द्या. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे जुनं झालं. महाराष्ट्रात 2023 च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीत नापास मुलाची पुन्हा परीक्षा होते, त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. पालकांना हे ठाऊक नसतं. फेरपरीक्षेची तारीख विचारून वहीत लिहा आणि मुलाला त्याआधी गावी जाऊ देऊ नका.

मे: निकाल लागला की लगेच दाखला काढा. एका शाळेने आम्हाला "साहेब सुट्टीवर आहेत" म्हणून तीन आठवडे दाखला दिला नव्हता. पहिली ते आठवीपर्यंत मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, हे कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. नववीसाठी ही ढाल तोकडी पडते, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही.

जून: शाळा उघडते त्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गेटवर उभे राहा. मी ऑफिसात सांगून तो आठवडा उशिरा जाते. कोण आलं नाही ते त्याच दिवशी कळतं. पुस्तकं आधीच्या नववीच्या मुलांकडून मेमध्येच गोळा केलेली असतात, त्यामुळे पुस्तक नाही म्हणून कोणी घरी बसत नाही.

7. पैसा

शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, पण नवख्याने दोनच पक्क्या धराव्यात.

पहिली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. परीक्षा आठवीत होते. महापालिकेच्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर असतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पैसा नेमका तिथे सुरू होतो जिथे पोषण आहार आणि पुस्तकं थांबतात, म्हणून आठवीच्या जूनपासून मी याच परीक्षेची तयारी करून घेते. सापळा असा, की दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं, आणि नववीत मूल विनाअनुदानित शाळेत गेलं तर शिष्यवृत्ती जाते.

दुसरी बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या, एकल पालकाच्या आणि अशाच अडचणीतल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. वस्तीतल्या कित्येक विधवा आणि टाकलेल्या बायकांनी हिचं नावही ऐकलेलं नसतं. पैसे वेळेवर येतातच असं नाही, त्यामुळे त्यांच्या भरवशावर उसनवारी करू नका असं मी आधीच सांगते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या स्वतःच्या योजना असतात, त्यांच्या अटी आणि मुदती बदलतात. समाज विकास विभागात जाऊन दरवर्षी जुलैत विचारा. बसचा सवलतीचा पासही शाळेच्या बोनाफाइडवर, म्हणजे मूल तिथे शिकतं या दाखल्यावर, काढून घ्या.

8. अभ्यास

आधी वाचन. नववीतलं मूल चौथीचं पुस्तक अडखळत वाचत असेल तर इतिहासाची प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन, चारचौघांत नाही, तुमच्यासमोर एकट्याने.

जागा शोधा. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, पाळणा आणि शिवणयंत्र एकाच वेळी चालू असतं. बुद्धविहार, देवळाचा मंडप, मंडळाची खोली, अंगणवाडी, महापालिकेची अभ्यासिका, यातलं काहीतरी संध्याकाळी सात ते नऊ मिळतं. मुलींना घरी सोडायची जबाबदारी ठरवूनच सुरू करा.

दहावीत गुणांचं गणित मुलाला कागदावर मांडून दाखवा. गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 गुण अंतर्गत, एकूण शंभरात 35 हवेत. विज्ञानाचंही तसंच. ते अंतर्गत 20 गुण वही, प्रात्यक्षिक अशा शाळेतल्या कामाचे असतात. जे मूल डिसेंबर-जानेवारीत गैरहजर राहतं ते हे गुण घालवतं आणि मग लेखीत एकट्याने झुंजतं. हजेरी 75 टक्के लागते हेही सांगा. आमच्या एका मुलाने हा हिशेब बघून विचारलं, "म्हणजे फक्त शाळेत गेलो तरी अर्धं काम झालं?" जवळजवळ तसंच आहे.

9. काम, लग्न, गाव

काम: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्याने बंद आहे, चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणं बंद आहे. धोक्याचं काम दिसलं, मूल डांबलेलं किंवा मारलेलं दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पण पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी किराणा दुकानात बसतो आणि त्यावर घरचं भाडं निघतं, अशा वेळी मी आधी दुकानदाराशी बोलते. शाळेच्या वेळात त्याला ठेवू नका, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्या. चार दुकानदारांपैकी तिघांनी मानलं.

लग्न: मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. बहुतेक ठरवाठरव मेमध्ये गावी होते. म्हणून एप्रिलमध्येच आईशी मोकळेपणाने बोलून घ्या. तारीख ठरली असं कळलं तर वाट बघू नका, 1098 वर कळवा. वस्तीत काहीजण तुमच्याशी बोलायचं सोडतील. ते सोसावं लागतं.

गाव: सणाला, लग्नाला, पेरणीला घर गावी जातं आणि जुलैअखेर परततं. नववीच्या मुलीला मावशीकडे इथेच ठेवायची सोय होते का ते बघा. कायमचंच गावी जात असतील तर दाखला घेऊनच जाऊ द्या आणि तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा.

आणि एक गोष्ट जी नवख्यांना कोणी सांगत नाही. मुलाने किंवा मुलीने तुम्हाला लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर ते गुपित ठेवता येत नाही. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊ नका. शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि त्याच दिवशी कळवा.

10. नाव कमी झालं किंवा नापास झालं तर

सहा ते चौदा वयाचं मूल कितीही दिवस शाळेबाहेर असो, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. चौदा उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत हे शिक्षण मोफतच राहतं.

नववी-दहावीत सुटलेल्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाचीच दहावी देता येते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतो, दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी होते, फेब्रुवारीत विचारायला गेलात तर वर्ष गेलं. फॉर्म भरून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे एजंट फिरतात. मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः भरा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी हाही रस्ता आहे, काम करणाऱ्या मुलांना तिथे विषय सुटे सुटे देता येतात ही त्याची मोठी सोय.

दहावीत एक-दोन विषय राहिले तर रडारड व्हायच्या आत घर गाठा. पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर असते, फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत शाळेतून भरायचा असतो. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं. हे दोन्ही मी निकालाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या मुलांना सांगून ठेवते, पास होणाऱ्यांनासुद्धा. निकालाच्या रात्री कोणतंही मूल एकटं बसणार नाही हे आईला सांगायला विसरू नका.

पास झालेल्यांचं काम लगेच पुढच्या सकाळी सुरू होतं. अकरावीचे आणि आयटीआयचे अर्ज ऑनलाइन असतात, मोबाइल बहुधा वडिलांकडे असतो आणि ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. म्हणून अर्ज भरायचा दिवस त्यांच्या सुट्टीचा धरा. यंत्रकामाची आवड असलेल्या मुलाला वागळे इस्टेटची आयटीआय आधी नेऊन दाखवा. गुणपत्रिका हातात आली की पाच झेरॉक्स काढा, फोटो काढून आईच्या आणि तुमच्या मोबाइलवर ठेवा, मूळ प्रत त्या चेनवाल्या फाइलमध्ये घाला. लॅमिनेट करू नका.